रामघाटावरील एक आडनाव : वंश, समूह आणि संस्कृती

काशीत मणिकर्णिकेकडून पंचगंगेकडे गंगेच्या काठाने निघाले की शिंदेघाट, भोसलेघाट, गणेशघाट अशी ओळखीची नावे एकामागून एक लागतात. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे, नागपूरकर भोसले, अमृतराव पेशवे अशा अनेकांचा द्रव्यव्यय या पायऱ्यांत मुरलेला आहे. याच ओळीत रामघाट आहे. घाटाच्या वरच्या अंगाला ज्या अरुंद गल्ल्या पसरलेल्या आहेत, त्यांत व पुढे दुर्गाघाट, ब्रह्माघाट या मोहल्ल्यांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. रामघाटावरच वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय ही वेदाध्ययनाची प्रसिद्ध पाठशाळा आहे. या पाठशाळेच्या इतिहासाशी एक आडनाव जोडलेले आहे, ते म्हणजे 'द्रविड'. न्यायशास्त्र व राजशास्त्र यांचे विसाव्या शतकातील विख्यात पंडित राजेश्वरशास्त्री द्रविड हे या परंपरेतले.

या आडनावाकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर एक कोडे समोर येते. शालेय पुस्तकांतून द्रविड हा 'आर्य' शब्दाचा विरोधी शब्द म्हणून परिचित झालेला आहे. मग आर्यावर्ताच्या ऐन मध्यभागी, वेदपठणाच्या पाठशाळेत, वेदविद्येचे अधिकारी म्हणून द्रविड नावाचे पंडित कसे? आडनाव घराण्याचे मूळ दक्षिणेकडे दाखविते, एवढे उत्तर खरे असले तरी पुरेसे नाही. गेल्या काही शतकांत या एका शब्दावर तीन निरनिराळे अर्थ चढले आणि ते एकमेकांत मिसळले. वंश, समूह आणि संस्कृती या तीन कल्पनांची जी गल्लत आधुनिक काळात वारंवार झाली, तिचा इतिहास या शब्दाच्या आधारे उलगडता येतो.

पहिला अर्थ धर्मशास्त्रीय व्यवहारातला आहे. जुन्या वर्गीकरणाप्रमाणे विंध्याच्या उत्तरेकडील ब्राह्मण ते पंचगौड आणि दक्षिणेकडील ते पंचद्रविड. सारस्वत, कान्यकुब्ज, गौड, उत्कल व मैथिल हे पहिले पाच. द्राविड, आंध्र, कर्नाटक, महाराष्ट्र व गुर्जर हे दुसरे पाच. म्हणजे काशीत पैठणहून आलेला भट्ट, अहमदाबादेहून आलेला गुजराती आणि कावेरीकाठचा तमिळ हे तिघेही एका अर्थाने द्रविडच. या विभागणीत कोणाच्या वर्णाचा, नाकाचा वा कवटीचा संबंध नव्हता. भाषेचाही नव्हता, कारण मराठी, गुजराती, तेलुगू आणि तमिळ अशा परस्परांहून भिन्न भाषा बोलणारे लोक तीत एकत्र गणले होते. विभागणीचा पाया 'देश' हा होता. आणि देश म्हणजे तेथला आचार.

देशपरत्वे आचार भिन्न असतात ही जाणीव फार जुनी आहे. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेचे पाच आणि उत्तरेचे पाच विवादास्पद आचार नोंदविलेले आहेत. मामाच्या अथवा आत्याच्या मुलीशी विवाह, पत्नीसह भोजन हे दक्षिणेकडचे. लोकरीचा व्यापार, मद्यपान, समुद्रप्रवास हे उत्तरेकडचे. जो तो आपल्या प्रदेशात आपला आचार पाळो. दुसऱ्याच्या प्रदेशात त्याने तसे केले तर दोष, असा त्या चर्चेचा रोख आहे. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामेबहिणीशी विवाह अलीकडेपर्यंत सहज मान्य होता, तर गंगेच्या खोऱ्यात तो निषिद्ध मानला जातो. काशीत स्थायिक झालेल्या दाक्षिणात्य पंडितांना या प्रथेची बाजू मांडण्यासाठी ग्रंथांचा आधार शोधावा लागे. आज ज्याला सांस्कृतिक भेद म्हणतात त्याला त्या काळी 'देशाचार' हे नाव होते.

सोळाव्या शतकात काशीत दाक्षिणात्यांचे वर्चस्व निर्माण झाले. पैठणचे रामेश्वरभट्ट येथे येऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट (जन्म १५१३) यांनी 'त्रिस्थलीसेतु' व 'प्रयोगरत्न' हे ग्रंथ रचले. कमलाकरभट्टांचा 'निर्णयसिंधु' १६१२ साली पूर्ण झाला. नीलकंठभट्टांचा 'व्यवहारमयूख' पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी प्रमाण मानला. या घराण्याचा इतिहास शंकरभट्टांनी 'गाधिवंशानुचरित' या नावाने लिहिला. तोडरमलाच्या घरी झालेल्या वादात नारायणभट्टांनी गौड व मैथिल पंडितांना जिंकल्याचे त्यात सांगितले आहे. ग्रंथाच्या नावातील 'वंश' शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे वंश म्हणजे गोत्रपुरुषापासून चालत आलेली परंपरा, आणि तीत विद्येचा वारसा रक्ताच्या वारशाइतकाच महत्त्वाचा होता.

याच शतकात, याच पैठणचे एकनाथ काशीत होते. शके १४९५ म्हणजे इ. स. १५७३ मध्ये त्यांनी आपले भागवत वाराणसीत पूर्ण केले, तेही मराठीत. एकाच गावातून एकाच क्षेत्री आलेल्या दोघांनी दोन भाषांची व दोन प्रकारच्या श्रोत्यांची निवड केली. मूळ प्रदेश आणि वर्ण एक असूनही त्यांचे सांस्कृतिक कार्य एक झाले नाही.

मात्र ही जुनी व्यवस्था केवळ आचारांवर आधारलेली होती म्हणून ती उदार होती, असे समजणे इतिहासाला धरून होणार नाही. कोकणातील देवरुखे ब्राह्मणांना इतरांनी पंक्तीत घ्यावे की नाही, हा वाद काशीपर्यंत गेला. १६५७ साली विश्वेश्वराच्या मंदिरातील मुक्तिमंडपात पंडितांची सभा भरली आणि देवरुखे पंक्तीस योग्य आहेत असे निर्णयपत्र निघाले. कोकणातच राहणाऱ्या शेणव्यांचा प्रश्न १६६४ मध्ये राजापूरच्या सभेत आला व तेथे गागाभट्टांनी निर्णय लिहिला. सारस्वत हे गौडांपैकी, तर त्यांचे शेजारी द्रविडांपैकी. एकाच किनाऱ्यावरील माणसे कधी काळच्या मूळस्थानाच्या दाव्यावरून दोन वर्गांत पडत होती. अमुक माणूस कोण, हा प्रश्न शेकडो कोस दूर असलेल्या विद्वानांच्या स्वाक्षऱ्यांनी सुटत होता आणि त्यावर त्या माणसाची वृत्ती, सोयरीक व मानमरातब अवलंबून होता.

१६७४ चा शिवराज्याभिषेक हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. स्वपराक्रमाने राज्य निर्माण करणाऱ्या पुरुषालाही सिंहासनावर बसण्यापूर्वी उदयपूरच्या सिसोदियांशी जोडणारी वंशावळ मान्य करून घ्यावी लागली आणि मौंजीबंधनाचा राहिलेला संस्कार करावा लागला. गागाभट्टांनी ते विधी पार पाडले. येथे वंश हा कागदाने सिद्ध होतो व संस्काराने पुन्हा उजळतो. ज्याच्याजवळ राज्य होते त्याला ही वाट मोकळी झाली. शूद्र व अतिशूद्र मानलेल्या सामान्य माणसाला ती नव्हती. काशीतील याच पंडितपरंपरेने 'शूद्रकमलाकर', 'शूद्राचारशिरोमणि' यांसारखे ग्रंथ रचून त्याच्या मर्यादा बारकाईने आखून दिल्या. शरीराची मापे न घेताही जन्मावरून माणसाला बांधून टाकता येते, हे या ग्रंथांवरून दिसते.

'द्रविड' शब्दाचा दुसरा अर्थ एकोणिसाव्या शतकातला. १७८६ मध्ये विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचे एकमूलत्व सूचित केले. १८१६ मध्ये मद्रासच्या फ्रान्सिस एलिस यांनी तमिळ, तेलुगू, कन्नड इत्यादी भाषांचे कुल संस्कृतहून वेगळे असल्याचे दाखविले आणि १८५६ मध्ये रॉबर्ट कॉल्डवेल यांच्या तौलनिक व्याकरणाने त्या कुलाला 'द्राविडी' हे नाव रूढ केले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही मोठी प्रगती होती. पण तिच्यामुळे जुना नकाशा बदलला. महाराष्ट्र व गुर्जर हे पंचद्रविडांतील दोन सभासद आता 'आर्य' भाषाकुलात गेले. काशीतल्या धर्मसभेत जो महाराष्ट्रीय द्रविड म्हणून बसत होता, तो भाषापंडितांच्या तक्त्यात आर्य ठरला. माणूस तोच होता. मोजण्याची कसोटी बदलली होती.

तिसरा अर्थ यानंतर लगेच आला व तोच सर्वांत घातक ठरला. भाषाकुलांची नावे मानवी शरीरांना लावण्यात आली. आर्य भाषा बोलणारे ते आर्य रक्ताचे, द्राविडी भाषा बोलणारे ते द्रविड रक्ताचे, असे समीकरण मांडले गेले. ज्यांच्या लेखनाने या कल्पनेला बळ मिळाले होते त्या मॅक्स म्युलर यांनीच १८८८ मध्ये, आर्य ही संज्ञा भाषेची आहे, रक्ताची वा डोळ्यांच्या रंगाची नव्हे, असे निक्षून बजावले. तोवर उशीर झाला होता. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिझली यांनी नाकाची रुंदी व लांबी यांच्या प्रमाणावरून भारतीयांचे वंश ठरविण्याचा घाट घातला. जात जितकी वरची तितके नाक सरळ व अरुंद, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यांच्या वर्गीकरणात संयुक्त प्रांतातील लोक 'आर्य-द्रविड' ठरले आणि महाराष्ट्रातील ब्राह्मण व कुणबी 'शक-द्रविड'. म्हणजे रामघाटावर राहणारा मराठी पुरोहित आणि त्याला रोज पलीकडे नेणारा नावाडी हे दोघेही या तक्त्यात अर्धेमुर्धे द्रविडच होते. पण पंचद्रविडांच्या यादीत द्रविड म्हणजे जे होते, त्याचा या द्रविडाशी काही संबंध उरला नव्हता.

वंशकल्पनेचा पगडा तिच्या विरोधकांवरही बसला. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) आर्यांच्या आगमनाची कथा स्वीकारून तिचा रोख उलटा केला. बाहेरून आलेले आक्रमक ते ब्राह्मण आणि बळीराजाची प्रजा ती या भूमीची खरी धनी. १९०३ मध्ये लोकमान्य टिळकांनी वेदकर्त्या आर्यांचे मूळस्थान उत्तर ध्रुवाजवळ शोधले. दोघांचे हेतू परस्परविरोधी होते. एकाला शोषितांचा स्वाभिमान जागवायचा होता, दुसऱ्याला वेदांची प्राचीनता सिद्ध करावयाची होती. तरी आर्य हा एक जनसमूह होता हे गृहीत दोघांनाही समान होते.

या गृहीताची शास्त्रीय चिकित्सा करणाऱ्यांत मराठी विद्वान अग्रभागी होते. गो. स. घुर्ये यांनी १९३२ मध्ये जात आणि वंश यांवरील आपल्या ग्रंथात रिझलींच्याच आकड्यांची फेरतपासणी केली. संयुक्त प्रांत सोडला तर इतरत्र नाकाचे माप व जातीची पायरी यांचा मेळ बसत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. इरावती कर्वे यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली मानवी कवट्यांच्या विषमतेचा अभ्यास केला. पुढे नाझी राजवटीच्या वंशशुद्धीच्या धोरणाला ज्या संस्थेने पाठबळ दिले, तेथे बसून या तरुणीने काढलेला निष्कर्ष गुरूंच्या अपेक्षेस अनुकूल नव्हता. कवटीच्या ठेवणीवरून युरोपीयांचे वेगळेपण सिद्ध होत नव्हते. मायदेशी परतल्यावर त्यांनी 'ब्राह्मण' या एका नावाखाली येणारे महाराष्ट्रातील गट जैविक दृष्ट्या एक नाहीत, असे मांडले आणि आपले लक्ष नातेसंबंध, भाषा व चालीरीती यांकडे वळविले. 'मराठी लोकांची संस्कृती' (१९५१) हे त्यांच्या ग्रंथाचे नावच पुरेसे बोलके आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासाठी हा प्रश्न केवळ ग्रंथगत नव्हता. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी जातिसंस्थेवरील निबंध वाचला. भारतीय लोक वंशाने मिश्र असून त्यांना सांस्कृतिक एकता आहे, आणि जात ही त्या एकजिनसी समाजाची स्वजातिविवाहाच्या बंधनाने केलेली कृत्रिम चिरफाड आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी पंजाबातील ब्राह्मण व तेथील अस्पृश्य हे वंशाने एक असल्याचे सांगितले. १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मूळासंबंधीच्या ग्रंथात त्यांनी शरीरमापनाचाच पुरावा घेऊन, ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य आणि ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड, असा पेच घातला. अस्पृश्यता वंशभेदातून आली असे मानले की ती निसर्गाच्या खाती जमा होते. ती माणसांनी निर्माण केली असेल तर माणसांनीच ती मोडली पाहिजे. वंशसिद्धांताला त्यांनी केलेल्या विरोधाचा गाभा हा होता.

जगाला या निष्कर्षापर्यंत येण्यासाठी एका महायुद्धाचा संहार पाहावा लागला. १९५० मध्ये युनेस्कोने वंशविषयक निवेदन प्रसिद्ध केले. पुढे आनुवंशिकीने त्यात भर घातली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका महत्त्वाच्या संशोधनात, बहुतेक सर्व भारतीय समूह दोन प्राचीन लोकसमूहांच्या कमीअधिक मिश्रणातून झाल्याचे आढळले. त्यातील एक संशोधक डॉ. लालजी सिंह नंतर काशी हिंदू विश्वविद्यालयाचे कुलगुरू झाले. २०१३ च्या पुढील अभ्यासाप्रमाणे हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात झाले आणि त्यानंतर आपसांतच विवाह करण्याची चाल बळावली. याचा अर्थ असा की, जातींमध्ये आज जे काही जैविक अंतर आढळते ते सामाजिक नियमाचा परिणाम होय, त्या नियमाचे कारण नव्हे.

येथे मराठी परिभाषेची अडचण लक्षात येते. 'रेस' या शब्दाला मराठीत वंश म्हटले गेले आणि 'एथ्निसिटी'ला वांशिकता. माणसाच्या सर्वांगीण अभ्यासालाही कित्येक वर्षे मानववंशशास्त्र हेच नाव होते. त्यामुळे घराण्याची परंपरा, शरीराचा प्रकार आणि स्वतःला एक मानणारा जनसमूह या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या गेल्या. नॉर्वेचे फ्रेडरिक बार्थ यांनी १९६९ मध्ये दाखविल्याप्रमाणे, असा जनसमूह टिकतो तो आपण आणि इतर यांच्यामधील सीमा राखल्यामुळे; त्या सीमेच्या आतील सामग्री मात्र बदलत राहते.

काशीतील मराठी समाजाचा इतिहास याला साक्ष आहे. नऊवारी लुगडे, पुरणपोळी, चैत्रातले हळदीकुंकू, गणेशोत्सव, घरातली मराठी ही त्याची सीमाचिन्हे. बाहेरचा व्यवहार हिंदीत आणि शेजाऱ्यांशी भोजपुरीत. सीमा राखूनही हा समाज कोंडून राहिला नाही. १८८३ मध्ये काशीत जन्मलेले बाबूराव विष्णु पराडकर हे १९२० साली सुरू झालेल्या 'आज' या हिंदी दैनिकाचे संपादक म्हणून आधुनिक हिंदी गद्याचे एक शिल्पकार ठरले. लक्ष्मण नारायण गर्दे यांनीही हिंदी पत्रकारितेत तेच स्थान मिळविले. पराडकरांचे मामा सखाराम गणेश देउस्कर यांनी १९०४ मध्ये 'देशेर कथा' हा ग्रंथ बंगालीत लिहिला आणि पराडकरांनी तो हिंदीत आणला. मामा-भाच्यांची ही जोडी मूळची मराठी. पण एकाची लेखणी बंगालीची झाली, दुसऱ्याची हिंदीची. भाषेचा संबंध रक्ताशी असता तर हे घडलेच नसते.

'संस्कृती' शब्दाची कथाही अशीच आहे. भाषापंडित सुनीतिकुमार चटर्जी यांनी सांगून ठेवले आहे की, 'कल्चर' या अर्थी हा शब्द त्यांनी १९२२ मध्ये पॅरिस येथे एका मराठी मित्राच्या तोंडून प्रथम ऐकला. रवींद्रनाथांना त्या काळी बंगालीत रूढ होत असलेला 'कृष्टि' हा शब्द रुचत नव्हता. त्यांनी या शब्दास पसंती दिली. संस्कृतातून मराठीत, मराठीतून पॅरिसमार्गे बंगालीत असा या शब्दाचा प्रवास झाला. संस्कृतीचे स्वरूपच असे की ती दिली जाते, घेतली जाते, शिकावी लागते आणि न शिकल्यास नाहीशी होते.

द्रविड हे आडनाव आज तमिळ मूळ सांगणाऱ्या पण घरी मराठी बोलणाऱ्या अनेक कुटुंबांचे आहे. क्रिकेटपटू राहुल द्रविड अशाच मराठी भाषक घरात इंदूरला जन्मले आणि बंगळूरला वाढले. खुद्द मराठी भाषाही अशीच मिश्र आहे. तिचे कुल आर्य. पण ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण' असा भेद तिने दाक्षिणात्य भाषांप्रमाणे जपला आहे. प्रमाण हिंदीत त्या दोहोंसाठी एकच 'हम' आहे. रामघाटाच्या गल्लीत वाढणारे मराठी मूल दाराबाहेर 'हम' म्हणते आणि उंबऱ्याच्या आत आल्यावर 'आम्ही' म्हणावे की 'आपण', याची निवड करते. ही निवड त्याला जन्माने मिळालेली नसते. घरातली माणसे त्याच्याशी बोलतात, म्हणून ती येते.